मे महिन्यात माझं काम सावली धरायचं

काल रात्री साडेअकराला घरी आले, खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि आधी फ्रीझर उघडून बाटल्या लावल्या. चार बाटल्या, आडव्या, अर्ध्याच भरलेल्या, म्हणजे सकाळी त्या बर्फावर साधं पाणी ओतलं की दुपारी तीनपर्यंत गार मिळत राहतं. गच्च भरून लावली तर बाटली फुगते आणि बर्फ वितळेपर्यंत घोटभर पाणीसुद्धा सुटत नाही, हे मी पहिल्याच उन्हाळ्यात शिकले. आई आतून म्हणाली, अगं आधी जेवून घे, बाटल्या मी लावते. पण नाही, त्या मीच लावते, देवापुढे दिवा लावल्यासारखं झालंय आता ते.

मी फोटोग्राफरची असिस्टंट आहे. इंदूरला, रामबागेत आमचं घर, आणि या कामातलं हे माझं चौथं वर्ष. दिवसाचे बाराशे मिळतात, सीझनमध्ये महिन्याला वीस-बावीस दिवस काम असतं, पावसाळ्यात तेच पाच-सहा दिवसांवर येतं. लग्नं, प्रीवेडिंग, मुंज, बारसं, मधेच लहान मुलांच्या कपड्यांचे कॅटलॉग, कारण आपल्याकडे ते रेडीमेडचं काम भरपूर आहे, आणि दिवाळीच्या आधी शेव-नमकीनच्या पाकिटांचे फोटो. कॅमेरा दादांच्या हातात असतो (दादा म्हणजे ज्यांच्याकडे मी काम करते ते, राजेंद्रनगरचे, वीस वर्षं फोटोग्राफी करताहेत), आणि बाकी सगळं माझ्या हातात. स्टँड, फ्लॅश, बॅटऱ्या, कार्डं, लेन्स बदलणं, नवरीचा पदर सारखा करणं, मधे येणाऱ्या काकांना हात जोडून बाजूला करणं, आणि रिफ्लेक्टर.

आजीनं मागे एकदा विचारलं, तू दिवसभर उन्हात काय धरून उभी असतेस गं? म्हटलं, आजी, कधी ऊन धरते, कधी सावली. ती हसली, पण मी खरंच सांगत होते. थंडीत माझं काम ऊन वळवून चेहऱ्यावर टाकायचं आणि एप्रिल-मेमध्ये माझं काम दुसऱ्याच्या डोक्यावर सावली धरायचं.

रिफ्लेक्टर ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, ती एक गोल घडीची तबकडी असते, पिळून दुमडली की ताटाएवढी होते आणि सोडली की फट् करून माणसाच्या छातीएवढी. त्यावर चेन असलेली खोळ असते, एका बाजूनं चंदेरी, दुसरीकडून सोनेरी, उलटी करून घातली की पांढरी आणि काळी, आणि खोळ पूर्ण काढली की आत पातळ पांढरं कापड, ज्यातून उजेड गाळून येतो. पाच कामांची एक वस्तू. उन्हाळ्यात खरी गरज या आतल्या कापडाची. चंदेरी बाजू मे महिन्यात बारा वाजता नवरीच्या तोंडावर मारली तर तिच्या डोळ्यांना धारा लागतात, काजळ उतरतं, आणि फोटोत ती रडतेय असं वाटतं. म्हणून खोळ काढायची आणि ती तबकडी तिच्या डोक्यावर छतासारखी धरायची, साधारण दोन फूट वर, सूर्याकडे थोडी कलती. फार वर गेली की सावलीची कड खांद्यावर येते आणि अर्धा खांदा पांढराफटक होतो, फार खाली आली की फ्रेममध्ये घुसते. आणि धरणाऱ्याचे दोन्ही हात वर, त्यामुळे घाम डोळ्यात गेला तरी पुसता येत नाही. मी कपाळाला सुती पट्टी बांधते, आजोबांच्या जुन्या धोतराची.

या दुपारच्या उजेडाचं एक कारण मला या कामात आल्यावर नीट कळलं. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला, उज्जैनच्या थोडं पलीकडून जातं, म्हणजे इंदूरच्या माथ्यावरून सूर्य वर्षातून दोनदा अगदी सरळ जातो, एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि परत जुलैत. जुलैत ढग असतात, पण मे-जूनला दुपारी साडेबाराच्या आसपास (आपल्याकडे खरी माध्यान्ह बारा वाजता नसते, वीस-पंचवीस मिनिटं उशिरा असते) उभ्या माणसाची सावली पायाशी गोळा होऊन बसते. तेव्हा उजेड फक्त वरून. कपाळ आणि नाक चकचकीत, आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख. कितीही देखणी नवरी असू दे, त्या उजेडात महिनाभर आजारी असल्यासारखी दिसते. मग लोक म्हणतात, फ्लॅश मारा ना. फ्लॅश मारतोच, पण भर उन्हात एफ २.८ वर (म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं ठेवून) फोटो घ्यायचा तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, कमीच १०० ठेवूनसुद्धा शटर सेकंदाच्या १/३२०० च्या आसपास लागतं, आणि फ्लॅशची शटरशी साधी जोडी जमते १/२०० किंवा १/२५० पर्यंत. त्याच्या वर गेलं की हाय स्पीड सिंकवर टाकावं लागतं, म्हणजे फ्लॅश एका झटक्याऐवजी भराभर लुकलुकतो, त्यात फ्लॅशची ताकद घटते, तो जास्त तापतो, आणि ऐन वरातीत लाल दिवा दाखवून गप्प बसतो. त्यापेक्षा डोक्यावर धरलेली सावली बरी.

आता आमची मराठी लग्नं. इंदूरला बाकीच्यांची लग्नं बहुतेक रात्री असतात, म्हणजे वरात नऊला निघणार, फेरे दोनला, झोप गेली तरी निदान ऊन नसतं. आपला मुहूर्त मात्र कधी अकरा बेचाळीस, कधी बारा सात. आणि मंडपाचं कापड केशरी किंवा गुलाबी, त्यातून ऊन गाळून आलं की अख्खं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं दिसतं, व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग सरळ करायची सेटिंग) कितीही फिरवा, बाजूनं खरं ऊन आणि वरून केशरी, दोन्ही एकदम सरळ होत नाहीत. मी आता मुहूर्ताच्या आधी मंडपवाल्यांना गाठून, भिया, बोहल्याच्या वर तेवढं पांढरं कापड लावा, असं हात जोडून सांगते. दहातले चारपाच ऐकतात.

पण त्याच भर दुपारच्या लग्नात एक गोष्ट अशी असते की तिच्यासाठी मला मराठी लग्न फार आवडतं. अंतरपाट. पांढरंशुभ्र कापड, मधे कुंकवाचं स्वस्तिक, एकीकडून मामा धरणार आणि दुसरीकडून गुरुजी. मंडपाच्या कडेनं येणारं ऊन त्या कापडावर पडतं आणि तिथून मऊ होऊन नवरीच्या चेहऱ्यावर येतं, हनुवटीखाली, डोळ्यांत, नथीच्या मोत्यांवर. मंगलाष्टकं चालू आहेत, ती खाली बघतेय, हातात हार, त्या हाराच्या खालच्या पाकळ्यासुद्धा उजळलेल्या. एवढा मोठा रिफ्लेक्टर माझ्या बॅगेत कधीच मावणार नाही. तेवढी चारपाच मिनिटं मी काहीच धरत नाही, नुसती दादांच्या मागे उभी राहते आणि ते नवरीच्या बाजूनं फोटो काढत राहतात. मग 'सावधान' होतं, अक्षता उडतात, अंतरपाट खाली जातो आणि चेहऱ्यावरचा तो उजेड क्षणात जातो, तो जाताना दिसतो. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला होता माझ्या. दादांना म्हटलं तर म्हणाले, मला हे कळायला पाच वर्षं लागली, तुला दुसऱ्याच सीझनला दिसलं. ते वाक्य मी जपून ठेवलंय.

सामानाचंही उन्हाळ्यात फार बघावं लागतं. बहुतेक कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये शून्य ते चाळीस डिग्री असं लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे मेमध्ये सावलीतच चाळीस-बेचाळीस, उन्हात ठेवलेली काळी बॉडी तर हात लावू देत नाही. फोर-के व्हिडिओ लावून ठेवला की वीसेक मिनिटांनी स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह यायला लागतं. यावर माझा उपाय म्हणजे आजोबांचा पांढरा पंचा. कोरडाच, ओला नाही. दोन शॉटच्या मधे कॅमेऱ्यावर टाकायचा, पांढरा असल्यामुळे ऊन परत फिरतं आणि सुती असल्यामुळे खाली हवा खेळते. काही मुलं बर्फाची पिशवी लावतात बॉडीला, ते करू नका प्लीज, गार झालेल्या धातूवर आतून ओल धरली तर कामच संपलं. तशी आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी की एसी गाडीतून बाहेर काढलेल्या लेन्सवर सहसा वाफ धरत नाही, ते दुखणं जूनच्या शेवटी सुरू होतं, पहिला पाऊस पडून गेल्यावर. बॅटऱ्या थर्मोकोलच्या डब्यात, आणि गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, आधी निवू द्यायची. बंद गाडीत बॅग तर पाच मिनिटंसुद्धा नाही. गॅफर टेप (शूटवरची कापडी चिकटपट्टी) पण उन्हात ठेवला की त्याचा गोंद पातळ होतो आणि मग स्टँडला, हाताला, साडीच्या काठाला, सगळीकडे चिकट.

लूचं, म्हणजे दुपारच्या गरम वाऱ्याचं, वेगळंच. फ्लॅशची छत्री किंवा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) स्टँडवर लावला की ते शीडच होतं, एक झोत आला की दोन किलोचा फ्लॅश डोकं खाली करून कोणाच्या तरी अंगावर. वाळूच्या पिशव्या स्कूटीवर नेता येत नाहीत, म्हणून मी रिकामा पाच लिटरचा कॅन नेते, तिथे नळाला भरते आणि स्टँडच्या मधल्या खुंटीला लटकवते. दुपारी तेच पाणी मानेवर. प्यायचं पाणी वेगळं.

आज सकाळी राजवाड्यासमोर शूट होतं, सहाला, गर्दी व्हायच्या आत. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी, सकाळचा तिरपा उजेड त्या लाकडी सज्जांवर पडला की मी दर वेळी थांबते. तिथे उभी असताना मला हटकून लाला दीनदयाळ आठवतात. ते इथेच इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढायचं काम करायचे, १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याचा नाद लागला, इथेच स्टुडिओ काढला, पुढे हैदराबादच्या निजामानं त्यांना राजा ही पदवी दिली. म्हणजे मोठा फोटोग्राफर व्हायची सुरुवात आपल्या गावातून झाली. त्या काळचा लाकडी कॅमेरा, जाड तिपाई, काचेच्या प्लेटांच्या पेट्या, आणि ओली प्लेट, म्हणजे रसायन लावलेली काच जिच्यावर फोटो उमटायचा, ती तर सुकायच्या आत उघडून, फोटो घेऊन, लगेच तंबूत धुवायला लागायची, मग मालव्याच्या उन्हाळ्यात ती किती भराभर सुकत असेल. हे सगळं ओझं एकट्याच्या अंगावरचं नव्हतंच. पेट्या उचलणारी, तंबू लावणारी, प्लेटवर सावली धरणारी माणसं बरोबर असणारच. मला त्या माणसांबद्दल आपलेपणा वाटतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना, शहराबाहेर एका फार्महाऊसवर हळद, सकाळी आठचा कॉल. मी घरून सहाला निघाले होते. पोचल्यावर वॉशरूम विचारलं तर तिथला मॅनेजर म्हणाला, वरच्या खोल्या पाहुण्यांच्या आहेत, स्टाफने पीछे खेत में जाना. मुलं गेली. मी कशी जाणार? मी तेच केलं जे माझ्या ओळखीतल्या सगळ्या मुली करतात, मेकअपवाल्या, मेंदीवाल्या, अँकरिंगवाल्या, सगळ्या. पाणीच प्यायचं नाही. बॅगेत दोन लिटर गार पाणी होतं, मी स्वतः भरून आणलेलं, आणि मी सकाळपासून फक्त ओठ ओले करत होते.

हळद उघड्या लॉनवर, फोनमध्ये ४२ दाखवत होतं. साडेअकरा-बारापर्यंत मी डोक्यावर हात करून रिफ्लेक्टर धरून. आधी पोटरीत गोळा आला, तो मी दाबून टाकला. मग बोटांना मुंग्या. मग ते पांढरं कापड फारच पांढरं दिसायला लागलं आणि ढोलकीचा आवाज शेजारच्या गावातून आल्यासारखा. दादा म्हणाले, थोडं वर घे, मी वर घेतलं असं मला वाटलं, पण खरं म्हणजे रिफ्लेक्टर खाली पडला होता आणि मी गवतावर बसले होते.

नवरीच्या आत्या धावत आल्या. त्यांची साडी हळदीनं पिवळी झालेली, हात पिवळे, तसंच मला उठवलं आणि म्हणाल्या, माझ्या खोलीत चल. कोणाला विचारलं नाही. खोलीत नेऊन मानेवर, काखेत ओला नॅपकिन ठेवला, पंखा फुल केला, आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाजलं, गटागटा पिऊ नकोस उलटी होईल. मग हळूच विचारलं, सकाळपासून बाथरूमला गेलीस का गं? मला एकदम रडू आलं. म्हणजे त्यांना कळलं होतं. एका बाईला लगेच कळलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं अंगातलं पाणी कमी झालंय आणि लघवीचं इन्फेक्शनही आहे, हे एका दिवसाचं नाही, महिनोन्‌महिने दाबून ठेवल्याचं आहे. गोळ्या, चार दिवस घरी, म्हणजे चार दिवसांचे पैसे गेले. ते म्हणाले, लघवी गडद पिवळी दिसली की समज शरीर पाणी मागतंय, तहान लागायची वाट बघू नकोस. आणि डोकं दुखणं, गोळे येणं, गरगरणं इथपर्यंत सावली-पाणी मिळालं तर माणूस सावरतो, पण बोलण्यात भ्रम व्हायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं तर एक मिनिट न घालवता हॉस्पिटल. ओआरएसचं मोठं पाकीट अख्ख्या एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या ग्लासात नाही, हे पण तेव्हाच कळलं. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, तर दोन वर्षं दादांबरोबर काम करून मी त्यांना हे एकदाही सांगितलं नव्हतं. लाज वाटायची. लेन्स बोला, लाइट बोला, पैसे वाढवा हेसुद्धा बोलून झालं होतं, हे नाही. चौथ्या दिवशी ते वहिनींना घेऊन घरी बघायला आले, मोसंबी घेऊन, आणि मी खाली बघून सांगून टाकलं की मी पाणी का पीत नाही. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, मला कधी सुचलंच नाही गं. वहिनी त्यांच्याकडे अशा बघत होत्या की मला दादांचीच दया आली.

इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय आणि ते मला मनापासून अभिमानाचं वाटतं, शहरात शूट असलं की मी सार्वजनिक शौचालय बिनधास्त वापरते, बरी असतात. अडचण शहराबाहेर आहे, फार्महाऊस, रिसॉर्ट, शेतातली गार्डनं, जिथे वॉशरूम चकचकीत असतं पण ते पाहुण्यांचं असतं. आम्ही त्यांच्या लग्नाचे फोटो काढतो, त्यांच्या मुलीच्या डोक्यावर सावली धरतो, तर एक किल्ली द्यायला काय हरकत आहे? मला हे खूप साधं मागणं वाटतं आणि मी ते आता स्पष्ट मागते. लग्न ठरलेल्या घरांनी हे वाचलं तर एवढंच करा, जेवणाच्या काउंटरची यादी करता तसं फोटोवाल्या, मेकअपवाल्या, वाढपी मुलींना कुठलं बाथरूम द्यायचं ते आधी ठरवा आणि हॉलवाल्यांना सांगून ठेवा. आणि असिस्टंट मुलींनो, पाणी प्या, नंतर भांडू पण आधी प्या.

त्या उन्हाळ्यानंतर दादा बुकिंगच्या वेळीच विचारतात. ॲडव्हान्स, वेळ, जेवण आणि वॉशरूम, एका दमात, मलाच ऐकताना अवघडल्यासारखं व्हायचं सुरुवातीला. एकदा एका पार्टीनं म्हटलं, असिस्टंटला काय वेगळी रूम देऊ का, तर दादा शांतपणे म्हणाले, रूम नको साहेब, किल्ली द्या. आणि बारा ते चार उघड्यावर काही नाही, हा दुसरा नियम, मुहूर्त सोडून, कारण मुहूर्तापुढे आपलं चालत नाही. त्या वेळात दागिने, पत्रिका, आतले फोटो, नाहीतर सरळ आराम. तसंही दुपारी लांबच्या लेन्सनं फोटो काढले तर रस्त्यावरची हवाच थरथरते, जोडपं पाण्याखाली उभं असल्यासारखं येतं, कितीही शार्प लेन्स असू दे.

रात्री मात्र आपलं गाव माणसाला सगळं परत देतं. शब-ए-मालवा, मालव्याची रात्र, उगाच म्हणत नाहीत. परवा रिसेप्शन संपवून आम्ही सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, गेलो, साबुदाणा खिचडी खाल्ली, वरून आपली दुधाची दाट शिकंजी, जी प्यायली की जेवण झाल्यासारखंच होतं, आणि स्कूटीवर घरी येताना हवा इतकी गार की मान आपोआप सैल झाली.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत, कूलर चालू आहे, आजी शेजारी झोपलीय. उद्या महेश्वर, प्रीवेडिंग. पहाटे तीनला निघायचं, नव्वदएक किलोमीटर, पावणेसहाला सूर्य उगवायच्या आत घाटावर, कारण साडेनऊनंतर त्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि नवरीमुलीला घाटावर चपला नको आहेत. पंचा धुऊन वाळत घातलाय. बाटल्या लावायच्यात.

एवढ्यात दादांचा मेसेज आला. गाडी तीनला, कार्डं रिकामी कर, सोनेरी खोळ घे. आणि खाली वेगळ्या ओळीत, घाटाच्या वरच गेस्टहाऊसवाल्याशी बोललोय, किल्ली तुझ्या नावावर ठेवली आहे.